देवमनच्या बेसची वायर

अकोल्यात जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर देवमन तायड्याचं नाव काढून पाहा. कप हातात येण्याआधी कुणीतरी डोळा मिचकावेल, "कोन, थो बिनवायरीचा?" मग बाकावरची मंडळी जवळ सरकतील, आवाज खाली येतील. गोष्ट अशी कुजबुजली जाते की गुलबहार ऑर्केस्ट्रात हा देवमन वर्षानुवर्षं गिटार घेऊन उभा राहिला, मान डोलावली, बोटं नाचवली, टाळ्या घेतल्या, आणि त्या गिटारची वायर कशालाच लावलेली नव्हती. एकजण म्हणतो, त्याला वाजवता येतच नव्हतं. दुसरा म्हणतो, येत होतं, पण हाडाचा आळशी. तिसऱ्यानं तर आयुष्यात कधी ऑर्केस्ट्रा पाहिला नाही, म्हणून त्याला सगळ्यात जास्त माहिती. "आबे, गिटारच खोटं होतं. थर्माकोलचं! मायाच साळ्यानं रंगवून देल्लं होतं."

अफवेला अर्धं घर कुणी बांधून दिलं की पुरतं, उरलेलं अर्धं ती स्वतः उभारून घेते. या अफवेतलं पहिलं अर्धं कुठून आलं, ते पाहायचं असेल तर टपरीवरून उठून कुर्बानच्या खुर्चीत जाऊन बसावं लागेल.

कुर्बान बाळापूरचा. गुलबहारमध्ये सगळे उभे, हा एकटा स्टेजच्या डाव्या अंगाला खुर्चीवर. गिटार मांडीवर आडवं, तारा आभाळाकडे. लग्नातल्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या, "माय वो, हा काय भाजी चिरून राह्यला का?" मग त्यानं डाव्या हातातला पोलादी तुकडा तारेवरून सरकवला की त्याच बायका पदर डोळ्यांना लावायच्या. हवाइयन गिटारचं तेच तर आहे. तारा पट्टीपासून उंच असतात, बोटानं दाबायच्या नसतात. पोलाद वरून घसरतं आणि सूर पायऱ्या न उतरता घसरगुंडीवरून येतो. मुलीची पाठवणी असो की हेडमास्तरचा निरोप, रडवायला त्याच्यासारखं दुसरं वाद्य नाही.

पण कुर्बान जन्मापासून बसलेला नव्हता. तरुणपणी तो उभ्यानं वाजवायचा. केस खांद्यापर्यंत, शर्टाची वरची बटणं उघडी, गळ्यात चकचकीत इलेक्ट्रिक गिटार. बाळापूरच्या किल्ल्याखालून निघाला की पोरी खिडक्या लावून घ्यायच्या आणि फटीतून पाहायच्या. दिवसा तो जिनिंगमध्ये कामाला असे. एका हंगामात कापसाबरोबर त्याचा डावा हातही यंत्रात ओढला गेला. अनामिका आणि करंगळी गेली. तीन बोटांनी गिटारचा कॉर्ड, म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबून, धरता येत नाही. कुर्बाननं गिटार कापडात गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तेव्हा अकोल्याहून देवमन आला. देवमन एसटीच्या डेपोत फिटर, आणि संध्याकाळी गुलबहारचा बेस गिटारवाला. त्याच्या पिशवीत कानस होती, बसच्या कमानपाट्याची घासलेली पट्टी होती आणि बसमधल्याच जुन्या पोलादी पिनेचा तुकडा होता, पॉलिश करून आरशासारखा केलेला.

"घेऊन जा थे गिटार," कुर्बान भिंतीला म्हणाला. "इकून टाक, जाळून टाक."

देवमननं ते कापड सोडवलं. त्यानं गिटारच्या मानेच्या टोकाशी लोखंडी पट्टी बसवली, तारा वर उचलल्या, सूर लावले आणि वाद्य कुर्बानच्या पुढ्यात ठेवलं. "घे मांडीवर."

"बायकायसारखं बसून वाजवू?"

"काहून? मांडी बी कटली का तुयी?"

आतून कुर्बानची बायको खुदकन हसली. त्या घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं. देवमननं पिनेचा तुकडा त्याच्या उरलेल्या तीन बोटांत दिला. "तुले बोटं किती हायेत, हा इचारत नाई. फक्त घासत जाय."

तो तुकडा आजही कुर्बानच्या खिशात असतो.

आता देवमनकडे या. काळासावळा, पोटाशी थोडा सुटलेला, बोलण्यात तिखट. स्टेजवर चढताना गुलबहारचे सगळेच चपला खाली काढून फळ्यांना हात लावत. पहिलं गाणं झालं की बाकीचे खिळ्यांच्या भीतीनं चपला परत चढवायचे, देवमन मात्र शेवटपर्यंत अनवाणी. लोक म्हणत, पोरगा होत नाही म्हणून नवस बोललाय. त्याची बायको मैनाबाई हे ऐकून म्हणायची, "नवस कायचा? त्यायचे मोजे धुवून पाहा, मंग समजते काहून उघडे पाय." देवमनही खो खो हसायचा.

स्टेजजवळ पोरं जमायची आणि विचारायची, काका, याला दोन तारा कमी का?

"बाकीच्या दोन यानं खाल्ल्या," देवमन कुर्बानकडे बोट दाखवायचा. मग गुडघ्यावर बसून सांगायचा. "हे पाह्य. डब्बा गिटारले पोट राह्यते. पोट पोकळ, म्हून थे आपल्या दमानं बोलते, कोनाची गरज नाई. त्यात बी दोन जाती. लोखंडी तारेचं कडक बोलते, नायलॉनचं नरम. त्या कुर्बानकाकाचं अन् मायं, ह्याले पोटच नाई. भरीव लाकूड. वायर लावली तं गर्जते, काढली तं पाटा-वरवंटा. अन् हा बेस म्हंजे घरातलं म्हातारं. बोलते तवा कोनी ऐकत नाई. गप्प बसलं का सारे इचारते, काय झालं वो?"

सगळ्या ऑर्केस्ट्राचा कान देवमनच्या डोक्याला होता. कार्यक्रमाआधी ज्याचं-त्याचं वाद्य त्याच्या हातात. तो डोळे मिटून खुंटी पिळायचा आणि म्हणायचा, "हं, बसलं." परतीच्या टेम्पोत डोळे चोळत त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज बेस कसा होता बे?"

"मले तं ऐकूच नाई आला," कुर्बान म्हणायचा.

"मंग बराबर होता."

बेसचा आवाज बाहेर येतो तो स्पीकरचा खोका देवमनच्या पाठीशी, त्याच फळ्यांवर ठेवलेला असायचा. आयुष्यभर त्या खोक्याला पाठ लावून उभा राहिला माणूस. ज्यानं नाव दिलं त्यानंच कान नेले. हळूहळू नेले, म्हणून कुणाला कळलं नाही. देवमननं गिटारच्या डोक्याला लावायचा तो इलेक्ट्रिक चिमटा आणला; सूर जुळला की त्याच्यावर हिरवा दिवा लागतो. पोरं म्हणाली, काका मॉडर्न झाले. काहीही विचारलं की तो "हाव" म्हणू लागला. जेवला का? हाव. पाणी दे. हाव. बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो आणि तिथंच पकडला जातो, हे त्यानं कुठंतरी पाहिलं असावं. त्यानं आपला आवाज इतका खाली आणला की समोरच्याला वाकावं लागे. म्हातारा आता शांत झाला, असंच सगळ्यांना वाटलं.

कुर्बानला कळलं ते बाळापूरच्याच एका लग्नात. अख्खं गाणं देवमन एक फ्रेट, गिटारच्या मानेवरचं एक घर, वर सरकून वाजवत होता, म्हणजे माणूस शेजारच्या घरात शिरून आपलंच समजून जेवायला बसावा तसा. आणि चेहऱ्यावर तोच समाधानाचा भाव. कुर्बानच्या हातातलं पोलाद थांबलं.

कार्यक्रम संपल्यावर ऑर्केस्ट्राचा मालक किशोर टेम्पोमागं त्याला भेटला. "कुर्बानभाई, विपुलचा डावा हात की-बोर्डवर बेस वाजवते. देवमनभाऊले आता घरी बसवा."

"घरी बसून काय करन थो?"

"मले काय माईत? पन लोकं हासून राह्यले."

कुर्बाननं देवमनकडे पाहिलं. तो दूर उभा राहून बेसची वायर गुंडाळत होता, कोपरावरून, एकसारख्या वेटोळ्यांत, सापाचं पिल्लू निजवावं तशी. डेपोतून निवृत्त झालेल्या या माणसाकडे मैनाबाई आणि स्टेज सोडून काही उरलं नव्हतं.

"आवाज नाई आला तं चालते ना तुले?" कुर्बान म्हणाला. "मानूस उभा राहू दे."

"आवाजच नाई आला तं माया बापाचं काय जाते?"

पुढच्या कार्यक्रमात देवमननं नेहमीसारखी वायर लावली, खोक्यावरचा दिवा लागला का पाहिलं, चपला काढल्या, फळीला हात लावला. गाणं सुरू होताच कुर्बान काहीतरी पडल्यासारखा वाकला आणि देवमनच्या मागच्या खोक्यातली वायरीची पिन बोटभर बाहेर ओढली. खोक्याचा लाल दिवा जळतच होता. देवमन वाजवत होता. विपुलचा डावा हात त्याच्या जागी धावत होता. आणि कुर्बानचं पोलाद त्या दिवशी दोनदा चुकलं, जे बोटं कापल्यावरही कधी चुकलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात हेच. गाणं सुरू झालं की पिन बाहेर, संपता संपता आत. स्टेजवरच्या सगळ्यांना माहीत होतं. गुलबहारची ही मंडळी एका विनोदासाठी सख्ख्या मावशीची लाज काढतील अशी. पण या एका गोष्टीवर कुणी चकार शब्द काढला नाही. म्हातारं गप्प बसलं की सारे विचारतात म्हणे. देवमनचा बेस गप्प झाला, आणि कुणी विचारलं नाही.

कुर्बानला एकच धास्ती होती: देवमननं मागं वळून पाहू नये. स्वतःच्या दोन बोटांपेक्षा त्याला ती पिन जास्त दुखायची. ज्यानं आपल्याला आवाज परत दिला त्याचाच आवाज आपण रोज काढून घेतो, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. देवमनला कळलं तर तो मोडेल, एवढंच डोक्यात. पण देवमन कधी वळला नाही. टेम्पोत "आज बेस कसा होता" हे विचारणंही त्यानं सोडून दिलं होतं. कुर्बानला वाटे, बरं झालं, निदान खोटं तरी बोलावं लागत नाही.

मग तिवसा आलं.

तिथल्या एका शाळेत महादेवराव नावाच्या हेडमास्तरांचा निरोप समारंभ होता, भर दुपारी. तिसऱ्या गाण्यात लाइट गेली. जनरेटर होतं, पण त्याची किल्ली ज्याच्या कमरेला तो अमरावतीला गेलेला. पंखे थांबले, माइक मेला, की-बोर्ड मेला. कुर्बानच्या मांडीवर नुसतं लाकूड उरलं. महादेवराव शालीत घामाघूम होऊन बसले होते. माणसं उठायला लागली.

"डब्बा गिटार हाये ना! डब्ब्याले कायची लाइट लागते?" मागून कुणीतरी ओरडलं.

डब्बा होता. गाणारी पोरगी प्रणाली, तिनं नव्यानं शिकायला घेतलेलं नायलॉनच्या तारांचं गिटार बरोबर आणलं होतं. तारा आदल्याच दिवशी बदललेल्या. तिला अजून कॉर्ड बदलताना बोटं मोजावी लागत. कुर्बानला तीन बोटं. राहिला देवमन. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. त्याला ऐकू आलं नाही, पण प्रणालीनं पुढं केलेलं गिटार दिसलं.

कुर्बान खुर्चीवरून उठला. "त्याले नोको देऊ वो. त्याची बोटं जाड तारेची हायेत, हे नाजूक काम…"

देवमननं गिटार घेतलं होतं.

तो स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. चिमटा लावला. एकेक तार हिरव्या दिव्यावर आणली. मग ते पोकळ पोट छातीशी धरलं आणि वाजवायला लागला. स्वच्छ. नरम. प्रणालीनं गाणं उचललं, दाराकडे निघालेली माणसं पुन्हा बसली, महादेवरावांनी चष्मा काढला. कुर्बान परत खुर्चीत बसला. देवमनची हनुवटी गिटारच्या खांद्यावर टेकली होती, डोळे मिटलेले, आणि तो हसत होता. असं हसताना कुर्बाननं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण नवी नायलॉनची तार नव्या सुनेसारखी, पहिले काही दिवस एका जागी ठरत नाही. ओढली तरी सैल पडत जाते. वाजवणाऱ्यानं कान ठेवून मध्येच खुंटी पिळायची असते. हे देवमननंच कितीतरी पोरांना शिकवलं होतं. आधी पातळ तार उतरली. मग दुसरी. प्रणाली सुरामागं खाली गेली, पुन्हा वर आली, तिला आधारच सापडेना. मागच्या बाकांवरची पोरं फिदीफिदी हसली. विपुलनं मान खाली घातली. प्रणाली थांबली.

देवमन वाजवत राहिला. एकटाच. डोळे मिटून, हसत, मोडलेल्या सुरात, आणखी दोन ओळी.

मग कुणीतरी चेष्टेनं टाळी वाजवली असावी, किंवा छातीशी काहीतरी बदललं असावं. त्यानं डोळे उघडले. प्रणालीचा हात तोंडावर होता. त्यानं कुर्बानकडे पाहिलं, आणि कुर्बानला आपला चेहरा लपवता आला नाही. देवमननं तळहात तारांवर ठेवला. गिटार प्रणालीच्या ओटीत ठेवलं, बाळंतिणीला तिचं बाळ परत द्यावं तसं. नंतर खाली उतरून त्यानं चपला घातल्या, आणि त्या घालूनच परत वर येऊन बेस उचलला. चपला घालून फळीवर चढलेला देवमन गुलबहारनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या कार्यक्रमाला तो आला नाही. किशोरनं बोलावलंही नाही.

कुर्बानला चैन पडेना. तिवशाची गोष्ट पसरणार, आणि कुणीतरी शहाणा देवमनला वायरीचंही सांगणार. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर तो बाळापूरहून बसनं अकोल्याला आला, जठारपेठेत देवमनच्या घरी. उन्हाळा, दार-खिडक्या सताड उघड्या. बेस कोपऱ्यात भिंतीला टेकलेला, वायर व्यवस्थित गुंडाळलेली. मैनाबाईनं चहा ठेवला.

"देवमन, मले एक बोलाचं हाये," कुर्बान हळूच म्हणाला. "वायर मी काढत होतो."

देवमननं कानामागं हात धरला.

"वायर. बेसची."

देवमननं मान हलवली, समजत नाही.

आणि मग कुर्बान ओरडला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. "वायर! तुया बेसची वायर! तीन सालापासून आवाजच नाई आला तुया बेसचा! नुसता उभा होता तू! नुसता उभा!"

गल्लीत कुरडया वाळत घालणाऱ्या बायकांचे हात थांबले. नळ बंद झाला. स्कूटरवाल्यानं स्कूटर बंद करून उगाच किक मारून पाहिली. जठारपेठेला याहून स्पष्ट कधी काही ऐकू आलं नसेल. गल्लीनं ते भांडण समजलं आणि उत्तर ऐकायला जिवाचा कान केला. पण देवमनचं उत्तर उंबऱ्याबाहेर आलंच नाही. त्याचा आवाज समोर बसलेल्या माणसालाही वाकून ऐकावा लागे, गल्लीला कसला येतो? अर्धं मिळालं, अर्धं गल्लीनं बांधलं. कुर्बानचा चहा निवायच्या आत गोष्ट टपरीवर पोचली होती.

आत कुर्बान वाकला होता.

"माईत हाये मले," देवमन म्हणाला.

कुर्बाननं कप बाजूला सारला.

"पाय काहून उघडे ठेवतो मी? बेस वाजला का फळी थरथरे. कान गेले तरी तळव्यायले समजे. तू पयल्या दिशी वाकला, अन् फळी मेली."

"मंग बोलला काहून नाई बे?" कुर्बानचे ओठ देवमननं वाचले.

"बोललो असतो तं घरी बसा लागलं असतं. तुनं उभं राहू देल्लं." त्यानं कोपऱ्यातल्या वायरीकडे बोट केलं. "अन् तू इतकं जपून काढे. तुले काय वाटलं असतं?"

"अन् तिवशाले? तिथं काहून हात लावला?"

देवमननं तळहात छातीवर ठेवला. "थे पोट इथं लागलं. इतक्या दिवसानं काहीतरी वाजलं आत. वाटलं, ऐकू येऊन राह्यलं."

कुर्बाननं खिशातला पोलादी तुकडा काढला आणि उगाच सदऱ्याच्या टोकानं घासत बसला. मैनाबाई दाराशी उभी होती. ती बाहेर गेली आणि गल्लीच्या तोंडावर दार लावून आली.

निघताना देवमननं त्याचा तीन बोटांचा हात धरला. "लोकं काही बी म्हनतीन. खोटा होता म्हनू दे. बहिरा होता, हे कोनाले सांगू नोको."

कुर्बाननं शब्द पाळला. टपरीवरून जाताना थर्माकोलच्या गिटारची गोष्ट त्याच्या कानावर पडायची आणि तो मान खाली घालून पुढं जायचा. लोकांना वाटे, भांडण अजून मिटलं नाही. मागच्या हिवाळ्यात देवमन गेला. तिरडीमागं गुलबहारचे सगळे होते. कुर्बान अनवाणी चालला. परत आल्यावर मैनाबाईनंच त्याला सांगितलं, आता सांगून टाका भाऊ, आता कोनाची लाज?

तर खरं एवढंच आहे. देवमन तायडे बहिरा झाला होता. वायर कुर्बान काढत होता. आणि देवमनला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.